दहा टायरांचा झिस आणि सहा टायरांचा झिल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोव्हिएत संघाच्या झिल-१५७ या लष्करी ट्रकमध्ये जेमतेम शंभर-एकशे दहा अश्वशक्तीचे, साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे जुन्या वळणाचे पेट्रोल इंजिन होते. रिकाम्या गाडीचे वजन साडेपाच टनांच्या वर होते, डिफरन्शियलला, म्हणजे एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, लॉक नव्हते आणि स्टिअरिंगला पॉवरची मदत नव्हती. मग हा ट्रक दलदलीत, बर्फात आणि रेतीत कुठेही जातो ही ख्याती खरी की ऐकीव? आणि ती खरी असेल, तर टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची त्याची युक्ती आपल्याकडच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला कितपत लागू पडते?

ख्याती खरी आहे. मात्र तिचे कारण बहुतेक जण इंजिनात, गिअरमध्ये किंवा ‘रशियन मजबुती’ या सोयीच्या शब्दात शोधतात, आणि तिथे ते सापडत नाही. ते चाकांची संख्या, त्यांची रांग आणि त्यांतली हवा या तीन गोष्टींत आहे. सैन्याच्या वाहनदुरुस्तीत माझी बरीच वर्षे उरल-३७५ आणि क्राझ-२५५ या त्याच परंपरेतल्या थोरल्या गाड्यांखाली गेली. टायरमध्ये चालत्या गाडीतून हवा भरण्याची त्यांची व्यवस्था झिल-१५७ने रूढ केलेल्या पद्धतीचीच असल्यामुळे तिचे गुण आणि दुखणी दोन्ही मला जवळून ठाऊक आहेत.

झिल-१५७ समजून घ्यायचा तर त्याच्या आधीच्या झिस-१५१पासून सुरुवात करावी लागते, कारण दोघांचे इंजिन मुळात एकाच घराण्याचे, वजन जवळपास सारखे, ठेवणही सारखी, आणि तरी एक चिखलात रुतणारा म्हणून बदनाम झाला तर दुसरा चिखलातून बाहेर काढणारा म्हणून नावाजला गेला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत कारखान्यांतून निघणारे मुख्य ट्रक, म्हणजे गाझ-एए आणि झिस-५, हे फक्त मागच्या चाकांना जोर असलेले होते. रशियात वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले आणि शरदात पावसाची झड लागली की कच्चे रस्ते आठवडेच्या आठवडे लापशीसारखे होतात, आणि अशा वेळी हे ट्रक जागच्या जागी चाके फिरवत बसत. लेंड-लीज या युद्धसाहाय्याच्या करारानुसार अमेरिकेकडून आलेल्या स्टुडबेकर यूएस-६ या सहाही चाकांना जोर असलेल्या ट्रकांनी ही उणीव भरून काढली. असे लाखाहून अधिक ट्रक सोव्हिएत सैन्याला मिळाले, कात्युशा रॉकेटांचे सांगाडेही मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावरच चढवले गेले, आणि युद्ध संपता संपता लष्कराची मागणी ठरून गेली की आता असा ट्रक आपल्या घरचा हवा.

मॉस्कोच्या स्टालिन कारखान्याने, म्हणजे झिसने, १९४६ मध्ये त्याचे नमुने तयार केले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. नमुने दोन तऱ्हांचे होते: एकाला मागच्या दोन्ही एक्सलवर जोडचाके, म्हणजे एकूण दहा टायर, आणि दुसऱ्याला सगळीकडे एकेरी चाके, म्हणजे सहाच टायर. तौलनिक चाचण्यांत एकेरी चाकांचा नमुना मऊ जमिनीवर सरस ठरला होता. तरीही १९४८ मध्ये उत्पादनाला गेला तो जोडचाकांचाच झिस-१५१, कारण लष्करातल्या जाणत्या मंडळींचा अनुभव स्टुडबेकरचा होता आणि स्टुडबेकरला मागे जोडचाकेच होती. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. जोडीतला एक टायर फुटला तर दुसऱ्यावर गाडी मुक्कामाला पोहोचते, आणि पक्क्या रस्त्यावर साडेचार टन माल लादताना भार चार टायरांऐवजी आठांवर विभागला जातो. पण स्टुडबेकर सुमारे साडेचार टनांचा होता आणि झिस-१५१ त्याच्याहून टनभर जड. हलक्या गाडीला जे परवडले ते जड गाडीला परवडले नाही.

जोडचाकांचे नेमके काय बिघडते, हे नीट पाहू. मऊ जमिनीवर गाडी चालते तेव्हा इंजिनाची बरीचशी ताकद चाकासमोरची माती दाबण्यात आणि बाजूला लोटण्यात खर्च होते. पुढच्या चाकाने एकदा माती दाबून चाकोरी पाडली की मागच्या चाकाला ती तयार मिळायला हवी; पावसाळ्यात शेतवाटेने जाणारा गाडीवान बैलगाडी मुद्दाम आधीच्या चाकोरीतच घालतो, त्यामागचे कारण हेच. झिस-१५१मध्ये पुढचे चाक एकेरी आणि मागची जोडी रुंद. त्यामुळे मागचा आतला टायर पुढच्या चाकोरीत अर्धामुर्धा पडे, तिची कड कापत चाले, आणि बाहेरचा टायर तर पूर्णपणे न तुडवलेल्या मातीत आपली स्वतंत्र वाट पाडे. म्हणजे तेवढ्याच इंजिनाने प्रत्येक बाजूला एकाऐवजी जवळजवळ दोन चाकोऱ्या पाडायच्या. त्यात जोडीच्या दोन टायरांमधल्या फटीत चिखल ठासून बसे आणि चाकाचे वजन वाढे. आणि एखादा दगड अडकला तर दोन्ही टायरांच्या बगला आतून कापल्या जात. ज्यांनी जोडटायरांचा ट्रक खडीच्या वाटेवर चालवला आहे त्यांना पहारीने दगड काढण्याचा हा उद्योग परिचयाचा असेल.

शिवाय जोडचाकांमुळे स्टेपन्याही दोन लागत, आणि त्या केबिनच्या मागे उभ्या ठेवायच्या म्हणून फ्रेम लांबवावी लागली होती. पुढे झिल-१५७मध्ये एकच स्टेपनी हौद्याखाली गेली, हौदा केबिनजवळ सरकला आणि फ्रेम आखूड झाली. दहाचे सहा टायर केल्याने एवढे सगळे आपोआप सुटले.

विलक्षण गोष्ट ही की त्याच कारखान्यात उत्तर आधीपासूनच हजर होते. झिस-१५१च्याच सांगाड्यावर १९५० पासून बीटीआर-१५२ ही चिलखती गाडी बनू लागली होती आणि तिला सुरुवातीपासून एकेरी, मोठी चाके होती. एकाच फाटकातून बाहेर पडणाऱ्या दोन सख्ख्या भावंडांपैकी चिलखत घातलेले, अधिक जड भावंड चिखलात बरे चालत होते आणि साधा ट्रक रुतत होता. हे दिसत असूनही ट्रक बदलायला १९५८ साल उजाडले. लष्करी सामग्रीच्या निर्णयांत एकदा ठरलेले मापदंड हलवायला किती वेळ लागतो याचा अनुभव सगळ्याच देशांना असतो, त्यामुळे याबद्दल केवळ सोव्हिएत कारभाराला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही.

दुसरा धागा हवेचा. चालत्या गाडीच्या टायरमधला दाब चालकाच्या जागेवरून बदलण्याची कल्पना अमेरिकन डीयूकेडब्ल्यू (‘डक’) या पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या उभयचर ट्रकात युद्धकाळात प्रत्यक्षात आली होती. समुद्रातून पुळणीवर चढताना टायर मऊ करायचे आणि पुढे पक्क्या जमिनीवर पुन्हा कडक करायचे, हा तिचा हेतू. सोव्हिएत संघात व्हिताली ग्राचेव या अभियंत्याच्या हाताखाली त्याच धर्तीचा उभयचर ट्रक विकसित झाला, तो पुढे झिस-४८५ म्हणून बनला, आणि त्याच्याबरोबर ही व्यवस्थाही आली. तिथून ती बीटीआर-१५२च्या सुधारित आवृत्तीत गेली. सुरुवातीला हवेच्या नळ्या चाकाच्या बाहेरच्या बाजूने येत, त्यामुळे झुडपांत आणि खांबांना त्या अडकून तुटत. नंतर हवा एक्सलच्या आतून, शाफ्टमधल्या पोकळ वाटेने चाकात नेण्याची पद्धत बसवली गेली, आणि १९५८ मध्ये सुरू झालेल्या झिल-१५७ने हीच आतली पद्धत मोठ्या संख्येच्या साध्या मालट्रकात आणली. तोवर इव्हान लिखाचोव यांच्या निधनानंतर, १९५६ मध्ये, कारखान्याचे नाव स्टालिनऐवजी लिखाचोव यांच्यावरून पडले होते. झिसचा झिल झाला तो असा. लिखाचोव हे या कारखान्याचे दीर्घकाळ संचालक होते.

नव्या ट्रकाला १२.००-१८ मापाचे सहा टायर मिळाले, बीटीआर-१५२च्याच मापाचे. पुढच्या चाकांमधले अंतर १,७५५ मिलिमीटर आणि मागच्यांमधले १,७५० मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात तिन्ही एक्सलची चाके एकाच चाकोरीतून जातात. पहिले चाक माती दाबते, दुसरे ती आणखी घट्ट करते, तिसऱ्याला जवळपास तयार वाट मिळते.

आता हवेचा हिशेब पाहू. मऊ जमिनीसाठी ठरवून दिलेला अडीच टन माल घेतला की हा ट्रक सव्वाआठ टनांच्या आसपास जातो, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण चौदाशे किलो. पक्क्या रस्त्यावर दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ३.५ किलो ठेवतात. पंपावरच्या भाषेत बेचाळीस ते पन्नास पाउंड. ३ किलोच्या दाबाला चाक जमिनीला टेकते ते सुमारे साडेचारशे-पावणेपाचशे चौरस सेंटिमीटरवर. दाब ०.७ किलोवर, म्हणजे दहा पाउंडांवर आणला, तर नुसत्या भागाकाराने हे क्षेत्र दोन हजार चौरस सेंटिमीटर येते. टायरच्या बगलांचा स्वतःचा ताठपणा काही भार पेलतो म्हणून प्रत्यक्षात ते इतके होत नाही. तरीही काही पटींनी वाढते हे नक्की. ही वाढ मुख्यतः लांबीत होते, रुंदीत थोडीच. त्यामुळे चाकासमोर लोटायच्या मातीची भिंत रुंद होत नाही, पण जमिनीला धरणाऱ्या नक्षीच्या दातांची संख्या मात्र वाढते. चाक कमी रुतते, म्हणून अडथळा कमी. आणि जास्त दातांनी धरते, म्हणून ओढ जास्त. दोन्ही बाजूंनी फायदा देणारा दुसरा उपाय वाहनशास्त्रात मला तरी माहीत नाही.

इंजिन छोटे असूनही का चालले, याचे उत्तर याच हिशेबात पुढे मिळते. ५.५५ लिटरच्या त्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ३४ किलोग्रॅम-मीटर होता, आणि तो अगदी कमी फेऱ्यांवरच मिळत असे. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा (ताकद तिन्ही एक्सलना वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर आणि एक्सलमधला गिअर यांचा गुणाकार शंभराच्या आसपास जातो. शंभरच धरले आणि घर्षणात पाचवा हिस्सा गेला असे मानले, तरी चाकांपर्यंत सुमारे २,७०० किलोग्रॅम-मीटर पोहोचतात. चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीला लागणारी ओढ पाच टनांच्या वर. आता ओल्या मातीवर टायरची पकड गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मिळाली तरी नशीब समजायचे. सव्वाआठ टनांचा तिसरा हिस्सा पावणेतीन टन. म्हणजे जमीन जेवढी ओढ सोसू शकते त्याच्या जवळपास दुप्पट ओढ हे जुने इंजिन आधीच देत होते. त्याच्या जागी दोनशे अश्वशक्तीचे इंजिन बसवले असते तर चिखलात चाके फक्त अधिक जोरात जागेवर फिरली असती. जास्त ताकदीचा उपयोग पक्क्या रस्त्यावर आणि चढावर होतो, आणि तिथे झिल-१५७ खरोखरच रेंगाळणारा होता. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरपलीकडे तो जात नसे.

या इंजिनाची बाजू घेऊन एवढे म्हणेन की कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे ते ६६ ऑक्टेनच्या हलक्या पेट्रोलवर चाले आणि बॅटरी मेली तर हँडल मारून सुरू करता येई. सैबेरियाच्या थंडीसाठी इंजिन आधी गरम करणारा हीटरही त्याला होता. पेट्रोल मात्र ते पीत असे. चांगल्या रस्त्यावरही शंभर किलोमीटरला चाळीस लिटरांच्या आसपास, आणि चिखलात तर विचारूच नये. म्हणून १५० आणि ६५ लिटरच्या दोन टाक्या.

हवेच्या व्यवस्थेची रचना कागदावर सोपी आहे. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. टाकीतून ती केबिनमधल्या नियंत्रण व्हॉल्व्हकडे आणि तिथून सहा चाकांच्या सहा स्वतंत्र कॉकांकडे येते. प्रत्येक कॉकातून नळी एक्सलच्या टोकाशी जाते, तिथे न फिरणाऱ्या भागातून फिरणाऱ्या शाफ्टमध्ये शिरते, आणि शाफ्टमधल्या वाटेने चाकाच्या व्हॉल्व्हमधून ट्यूबमध्ये पोहोचते. सगळी मेख आहे ती स्थिर भागातून फिरत्या भागात हवा जाते त्या जागी. तिथे रबरी सील शाफ्टला कायम घासत असतात, हवा भरायची असो वा नसो. सील आणि शाफ्ट यांच्यात बारीक रेती शिरली की सील कुरतडला जातो आणि शाफ्टवर चर पडतो, आणि मग नवा सीलही टिकत नाही.

या ठिकाणची गळती दोन तऱ्हांची असते. बाहेर गळणारी हवा बरी, कारण ती ऐकू येते. इंजिन बंद करून हबजवळ कान नेला की फुसफुस कळते, नाहीतर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. आत गळणारी हवा फसवी. ती हबमध्ये आणि एक्सलच्या पोकळीत शिरते, ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र, चिखलाने बुजलेला असेल तर आत दाब साठतो, आणि तो दाब तेलाला ऑइल सीलमधून बाहेर ढकलतो. नवखा मेकॅनिक तेल गळताना पाहून ऑइल सील बदलतो, आठवडाभराने तेच पुन्हा होते, तो पुन्हा सील बदलतो. अशा गाडीला तेलाच्या सीलला हात लावण्याआधी ब्रीदर साफ करावा आणि त्या चाकाची हवा बंद करून गाडी एक दिवस चालवून पाहावी. तेल थांबले तर गुन्हेगार हवा आहे. उरल गाड्यांवर ही युक्ती मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्यांदा शिकवत असे.

रोजच्या वापराचा नियम असा की मुक्कामाला गाडी उभी केली की चाकांवरचे व्हॉल्व्ह बंद करायचे, म्हणजे रात्रभरात नळ्यांतून आणि सीलमधून हवा जात नाही. सकाळी एकेक चाकाचा कॉक उघडून गेजचा काटा पाहायचा. ज्या चाकाला काटा इतरांपेक्षा खाली, तिथे ट्यूब किंवा चाकाचा व्हॉल्व्ह गळतो आहे. ब्रेकही याच हवेवर चालतात, त्यामुळे टाकीतला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की टायरांकडे जाणारी हवा तोडणारा व्हॉल्व्ह या व्यवस्थेत असतो. हवेवर पहिला हक्क ब्रेकचा. तो व्हॉल्व्ह बिघडला म्हणून काढून सरळ नळी जोडण्याचे जुगाड मी पाहिले आहे. ते करणाऱ्याला मी कधी गाडीची चावी पुन्हा दिली नाही.

रिमबद्दल सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. दहा पाउंडांवर साधा टायर रिमवरून निसटतो किंवा रिमवर घसरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. म्हणून या ट्रकाची रिम दोन तुकड्यांची, बोल्टांनी आवळलेली असते आणि टायरच्या दोन्ही कडांमध्ये एक कडे बसवलेले असते, जे कडा बाहेरच्या बाजूला रेटून घट्ट धरून ठेवते. याच रिममुळे सर्वांत गंभीर अपघातही होतात. रिमचे तुकडे जोडणारे नट आणि चाक हबला धरणारे नट वेगळे असतात; हवा असताना चुकून रिमचे नट सैल केले तर दाबामुळे रिमचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चाकाला पाना लावण्यापूर्वी हवा पूर्ण सोडलेली असलीच पाहिजे.

डिफरन्शियल लॉक नसणे ही मात्र खरी उणीव होती. एका एक्सलचे एक चाक हवेत लटकले किंवा निसरड्यावर गेले की त्या एक्सलची सगळी ओढ तिथे वाहून जाते. तिन्ही एक्सलना एकाच वेळी असे झाले, म्हणजे तिरक्या खड्ड्यात गाडी आडवी-तिडवी बसली, की हवा कितीही सोडा, गाडी हलत नाही. अशा वेळी पुढची विंच. ती गिअरबॉक्सच्या पीटीओवरून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढून देणाऱ्या जोडणीवरून, चाले आणि तिच्या शाफ्टमध्ये एक पिन मुद्दाम कमकुवत ठेवलेली असे, जेणेकरून ओढ मर्यादेबाहेर गेली की दोर तुटण्याआधी पिन तुटावी. पिन तुटली की चालक तिथे खिळा किंवा हाताला लागेल तो बोल्ट ठोकतात. पुढच्या वेळी मग पोलादी दोर तुटून चाबकासारखा मागे येतो.

चालवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. ट्रान्सफर केसचा लो गिअर पुढचा एक्सल जोडल्याशिवाय पडत नाही अशी अडसराची सोय आहे, कारण एवढी वाढलेली ओढ फक्त मागच्या दोन एक्सलवर टाकली तर त्यांचे शाफ्ट पिळवटतात. आणि पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे पक्क्या रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून वळण घेतले की सगळ्या शाफ्टमध्ये पीळ साठतो, मग तो लिव्हर हाताने सुटत नाही. हातोडी न उचलता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ उलगडतो आणि लिव्हर आपसूक निघतो. पाच प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे सगळे क्रॉस आणि मधल्या एक्सलवर बसवलेले बेअरिंग यांना ग्रीस देणे हे चालकाचे रोजचे कंटाळवाणे काम असे, पण तिन्ही एक्सलना ताकद स्वतंत्र शाफ्टने मिळत असल्यामुळे दुरुस्ती सोपी होती. स्टिअरिंग जड होते आणि मोठ्या मऊ टायरांमुळे खड्ड्यात ते हातातून उसळत असे. अंगठे चाकाच्या आत न घालता वर ठेवायची सवय असल्या गाड्यांवरच लागते.

हवेच्या व्यवस्थेचा लष्करी फायदा फक्त चिखलापुरता नव्हता. गोळी लागून ट्यूबला छिद्र पडले तरी कॉम्प्रेसर गळणारी हवा भरत राहतो आणि गाडी न थांबता धोक्याच्या जागेबाहेर जाते. यामुळेच रॉकेटांचे आणि क्षेपणास्त्रांचे सांगाडे वाहण्यासाठी हा ट्रक सोयीचा ठरला. एस-७५ विमानविरोधी क्षेपणास्त्र वाहणारी लांब गाडी ओढायला त्याचीच ट्रॅक्टर आवृत्ती वापरली जाई. व्हिएतनाम युद्धात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर हे ट्रक मोठ्या संख्येने होते. चीनमध्ये चांगचुनच्या कारखान्यात त्याची आवृत्ती जिएफांग सीए-३० या नावाने १९५८ पासून अनेक वर्षे बनली. खुद्द सोव्हिएत संघात १९६१ मध्ये सुधारित १५७-के आवृत्ती आली, पुढे उत्पादन उरलमधल्या नोवोउराल्स्कच्या कारखान्याकडे गेले, आणि एकूण संख्या आठ लाखांच्या जवळपास पोहोचली. १९६७ पासून झिल-१३१ बनू लागला होता. त्यात दीडशे अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि पुढचा एक्सल आपोआप जोडणारी व्यवस्था होती. रस्त्यावर तो कितीतरी सुखाचा, पण चाकांच्या आणि हवेच्या बाबतीत त्याने १५७चीच रीत पुढे नेली. माझ्या मते पुढच्या सोव्हिएत सिक्स-बाय-सिक्स ट्रकांची दिशा ठरली ती १९५८ मध्ये, आणि त्यानंतर बदलली ती मुख्यतः इंजिने आणि चालकाचा आराम.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आपल्या गाडीचा. तत्त्व तेच लागू पडते, आकडे लागू पडत नाहीत. साध्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ट्यूबलेस टायर आणि एकसंध रिम असते, कडा धरून ठेवणारे कडे नसते. पुळणीवर किंवा भुसभुशीत रेतीत पस्तीस पाउंडांवरून अठरावर आले तरी फरक लगेच जाणवतो. पंधरा पाउंडांच्या खाली गेले की वळणावर टायर रिमवरून उतरण्याची भीती सुरू होते, आणि झिलचे दहा किंवा सात पाउंड तर विसरूनच जावेत. दाब कमी असताना टायरच्या बगला प्रत्येक फेरीला वाकतात आणि तापतात. झिललाही सर्वांत कमी दाबावर ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच चालवायचे बंधन होते, ते याच कारणाने. त्यामुळे हवा सोडण्याआधी ती परत भरण्याची सोय, म्हणजे बॅटरीवरचा चांगला पंप आणि विश्वासाचा गेज, गाडीत हवा, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी दाब पूर्ववत करायला हवा. यात वेळ जातो हे मान्य. झिलच्या सहा टायरांना तळापासून रस्त्याच्या दाबापर्यंत आणायला, इंजिन बऱ्यापैकी फिरवत ठेवले तरी, माझ्या हिशेबाने वीस-तीस मिनिटे लागत असणार.

चालत्या गाडीतून हवा भरण्याची व्यवस्था मागाहून बसवून घ्यावी का, असेही विचारले आहे. जीपसारख्या गाडीला त्याची गरज नाही. चार टायरांना उतरून हवा सोडणे परवडते आणि बाहेरून लोंबणाऱ्या नळ्या काट्याकुट्यांत टिकत नाहीत. ज्यांचे ट्रॅक्टर आणि ऊसवाहतुकीचे ट्रेलर ओल्या शेतातून निघून दर खेपेला डांबरी रस्त्यावर येतात, त्यांनी मात्र तिचा विचार जरूर करावा. रस्त्यावरच्या दाबाने शेतात शिरलेला भरलेला ट्रेलर माती खोलवर दाबतो, आणि शेतातल्या दाबाने रस्त्यावर पळवलेला टायर हंगाम संपण्याआधी बगलेत फाटतो. युरोपात मोठ्या ट्रॅक्टरांसाठी अशी व्यवस्था तयार मिळते. इथे बसवून घ्यायची असेल तर चाकाच्या मध्याशी फिरणारा जोड कोणत्या सीलचा आहे आणि तो सील आपल्या बाजारात सुटा मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.